शीटवरचा प्रत्येक आकडा: डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅरेक्टर बांधताना आणि नियम वाचताना

“तुझा एसी १९ कसा?” एवढ्या एका प्रश्नावर डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या कथाखेळाचा रंगात आलेला डाव वीस मिनिटं अडकू शकतो. एसी म्हणजे आर्मर क्लास, वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा. खेळाडूने आकडा ॲपमधून जसाच्या तसा उतरवलेला असतो. ॲपने तो कशात काय मिळवून काढला हे त्याला ठाऊक नसतं, आणि खेळ चालवणाऱ्या डीएमला तो पटत नसतो. ठाणे-नवी मुंबईतल्या टेबलांकडे वेळ मुळातच कमी. कोणी खारघरहून ट्रान्सहार्बरने येतं, कोणी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून. रविवारी मेगाब्लॉक असला की पहिला तास वाट पाहण्यात जातो, आणि सोसायटीचं क्लबहाऊस ठरल्या वेळेला रिकामं करून द्यावंच लागतं. उरलेल्या तीन-चार तासांतली वीस मिनिटं अशी जाणं परवडत नाही.

म्हणून इथे कॅरेक्टर बांधणं आणि नियम वाचणं ही दोन्ही कामं एकत्रच घेतली आहेत. शीटवरचा म्हणजे कॅरेक्टरच्या कागदावरचा प्रत्येक आकडा पुस्तकातल्या कोणत्या वाक्यातून आला हे खेळाडूला सांगता आलं, तर बरेच वाद सुरूच होत नाहीत. जे होतात ते लवकर मिटतात.

आधी आवृत्ती पक्की करा

पाचव्या आवृत्तीचे नियम सध्या दोन रूपांत खेळले जातात, २०१४ चे मूळ आणि २०२४ चे सुधारित. टेबलावर यांपैकी एकच ठेवा. सगळ्यात जास्त गोंधळ या दोघांच्या सरमिसळीतून होतो. उदाहरणार्थ, २०१४ च्या नियमांत क्षमतांचे वाढीव गुण वंशातून मिळतात, तर २०२४ मध्ये ते पार्श्वभूमीतून म्हणजे बॅकग्राउंडमधून मिळतात. कोणी वंश जुन्या पुस्तकातून आणि बॅकग्राउंड नव्यातून घेतला की वाढ दोनदा लागते, आणि पहिल्याच लेव्हलला कॅरेक्टर इतरांच्या पुढे निघून जातं. क्युअर वूंड्स हा स्पेल म्हणजे मंत्र २०१४ मध्ये १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) बरं करतो, २०२४ मध्ये २डी८. अचानक हल्ला झाला तर जुन्या नियमात बेसावध माणसाची पहिली पाळीच हुकते. नव्यात त्याला फक्त इनिशिएटिव्हवर म्हणजे पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर डिसॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून लहान धरायचा. फरक बारीक वाटतात, पण लढाईचा निकाल बदलतात.

पुढचं सगळं २०१४ च्या नियमांप्रमाणे आहे, आणि त्याला कारण आहे. या नियमांचा गाभा सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. पुस्तकाचे पैसे न घालता, कायदेशीर मार्गाने, अख्खा गट त्यावर खेळू शकतो. त्यात प्रत्येक क्लासची म्हणजे पेशाची एकच शाखा आहे, ड्वार्फ या बुटक्या वंशापैकी फक्त हिल ड्वार्फ आहे आणि बॅकग्राउंड एकच आहे, अकोलाइट म्हणजे मंदिरसेवक. नवख्या गटाला एवढंच बरं. पर्याय कमी असले की वाचन पूर्ण होतं.

डीएमला आधी विचारायचे प्रश्न

पहिल्या सेशनच्या आधी व्हॉट्सॲपवर चार गोष्टी विचारून घ्या आणि उत्तरं पिन करून ठेवा. सुरुवात कितव्या लेव्हलला? क्षमतांचे स्कोअर कोणत्या पद्धतीने काढायचे? लेव्हल वाढली की एचपी (किती इजा सोसता येते ते गुण) फाशांनी की ठरलेल्या सरासरीने? आणि एखादा खेळाडू आला नाही तर त्याचं कॅरेक्टर त्या दिवशी कुठे असतं? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण आपल्याकडच्या लोकलच्या वेळापत्रकात तोच सगळ्यात जास्त वेळा उपटतो.

स्कोअरच्या पद्धतीबद्दल आमचं मत ठाम आहे: पॉइंट बाय, म्हणजे ठरलेल्या गुणांतून स्कोअर विकत घेणं. चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायचा, या पद्धतीची सरासरी १२.२४ येते. १५, १४, १३, १२, १०, ८ या तयार संचाची सरासरी १२ आहे. म्हणजे सरासरीत फारसा फरक नाही. फरक पडतो तो खेळाडूंमधल्या दरीत. एकाला १८ आणि १७ पडतात, दुसऱ्याचा सगळ्यात मोठा स्कोअर १३ असतो, आणि हा अन्याय पुढे वर्षभर दर रविवारी टेबलावर बसलेला असतो.

एक कॅरेक्टर पायरीपायरीने: धोंडो

आधी एका वाक्यात माणूस ठरवा, आणि त्या वाक्यात तो काय करतो हे आलंच पाहिजे. ‘शूर आणि रहस्यमय’ यातून कुठलाच आकडा निघत नाही. आपलं वाक्य असं: धोंडो हा पारसिकच्या डोंगरातल्या काळ्या दगडाच्या खाणीत वाढलेला ड्वार्फ पुजारी आहे, आणि पडलेल्या सोबत्याच्या पुढ्यात ढाल धरून उभा राहतो. या वाक्यातूनच पुढचं ठरतं. क्लास क्लेरिक, शाखा लाइफ डोमेन, वंश हिल ड्वार्फ, बॅकग्राउंड अकोलाइट.

पॉइंट बायमध्ये २७ गुण असतात. ८ फुकट, ९ ला १ गुण, १० ला २, ११ ला ३, १२ ला ४, १३ ला ५, १४ ला ७ आणि १५ ला ९. शेवटच्या दोन पायऱ्यांना प्रत्येकी दोन गुण लागतात, म्हणून १५ विनाकारण घेऊ नका. खेळात स्कोअर स्वतः फारसा वापरलाच जात नाही. वापरला जातो मॉडिफायर: स्कोअरमधून १० वजा करा, निम्मे करा, खालच्या पूर्णांकावर आणा. म्हणून १४ आणि १५ दोघांचा मॉडिफायर +२ च. ९ चा शून्य नव्हे, −१ येतो, कारण खाली म्हणजे उणे बाजूला. वंशाच्या वाढीने १५ चा १६ होणार असेल तरच त्या १५ ला अर्थ आहे.

धोंडोचा हिशेब असा. विस्डम म्हणजे शहाणपण १५ (९ गुण), कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा १४ (७), स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद १४ (७), डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई १० (२), करिश्मा १० (२), इंटेलिजन्स ८ (०). बेरीज २७. हिल ड्वार्फ कॉन्स्टिट्यूशनमध्ये २ आणि विस्डममध्ये १ वाढवतो, म्हणून दोन्ही १६ होतात, मॉडिफायर +३.

आता यातून निघणारे आकडे. प्रत्येकाशेजारी पेन्सिलने बेरीज लिहून ठेवा.

एचपी: क्लेरिकचा हिट डाय म्हणजे एचपीचा फासा डी८, पहिल्या लेव्हलला पूर्ण ८ मिळतात. अधिक कॉन्स्टिट्यूशनचे ३, अधिक हिल ड्वार्फचा १. एकूण १२. हा शेवटचा १ दर लेव्हलला मिळतो आणि हमखास विसरला जातो.

एसी: लाइफ डोमेनला जड चिलखत वापरता येतं, म्हणून चेन मेलचे १६ आणि ढालीचे २, एकूण १८. चेन मेलमध्ये डेक्स्टेरिटी मिळवायची नसते, वजाही करायची नसते. १९ हवा असेल तर तो फायटर क्लासचा आहे: हेच चिलखत, हीच ढाल आणि डिफेन्स फायटिंग स्टाइलचा १. चेन मेलला स्ट्रेंग्थ १३ लागते. ती नसेल तर चाल १० फुटांनी घटते, पण ड्वार्फाला ही घट लागू होत नाही. त्याची चाल मुळातच २५ फूट आहे. लपायच्या म्हणजे स्टेल्थच्या चेकवर मात्र डिसॲडव्हांटेज त्यालाही आहेच.

स्पेलचा डीसी (समोरच्याला फाशावर गाठावा लागणारा आकडा): ८ + प्रोफिशियन्सी (प्रशिक्षणाचे गुण) २ + विस्डम ३ = १३. स्पेल अटॅक +५. वॉरहॅमरचा हल्ला: स्ट्रेंग्थ २ + प्रोफिशियन्सी २ = +४, इजा १डी८+२. वॉरहॅमर हे क्लेरिकच्या यादीतलं हत्यार नाही. ते ड्वार्फांच्या प्रशिक्षणातून येतं. कोणी विचारलं तर हे उत्तर तयार हवं.

स्किल: अकोलाइटकडून इनसाइट आणि रिलिजन, क्लेरिकच्या यादीतून मेडिसिन आणि पर्सुएशन. इनसाइट व मेडिसिन +५, पर्सुएशन +२. रिलिजन इंटेलिजन्सवर चालतं, म्हणून −१ आणि २ मिळून फक्त +१. पुजाऱ्याला धर्मशास्त्र जेमतेम येतं, हे खुपत असेल तर करिश्माचे २ गुण काढून इंटेलिजन्स १० करा. आमच्या मते खाणीतला, पोथीपेक्षा हाताने सेवा करणारा पुजारी जास्त खरा वाटतो. पर्सेप्शनचं प्रशिक्षण नाही, म्हणून पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता असलेली सावधगिरी) १० + ३ = १३.

हे आकडे खेळात काय करतात तेही पाहून घ्या. साध्या गॉब्लिनचा हल्ला +४ असतो. एसी १८ ला लागायला त्याला डी२० वर म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त हवे, म्हणजे ३५ टक्के. शेजारी एसी १३ चा विझार्ड असेल तर ९ पुरतात, ६० टक्के. अरुंद वाटेत धोंडो पुढे का उभा राहायला हवा याचं उत्तर या दोन टक्केवाऱ्यांत आहे.

स्पेल निवडताना हात मोजा

पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला तीन कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) आणि पहिल्या पातळीचे दोन स्लॉट (दर वेळी एक खर्च होणाऱ्या स्पेलच्या जागा) असतात. रोज तयार ठेवायचे स्पेल विस्डम मॉडिफायर अधिक लेव्हल, म्हणजे धोंडोचे चार. लाइफ डोमेनचे ब्लेस आणि क्युअर वूंड्स यांत मोजायचे नाहीत. ते कायम तयार असतात. क्युअर वूंड्सला चारांतली जागा देणं ही नेहमीची चूक. त्याऐवजी हीलिंग वर्ड, गाइडिंग बोल्ट, शील्ड ऑफ फेथ आणि डिटेक्ट मॅजिक घ्या. कॅन्ट्रिप सेक्रेड फ्लेम, गायडन्स, लाइट.

पहिल्या पातळीच्या स्लॉटने बरं करताना लाइफ डोमेन २ + १ असे ३ एचपी जास्त देतं. म्हणून क्युअर वूंड्स १डी८+६, हीलिंग वर्ड १डी४+६. दोघांची सरासरी १०.५ आणि ८.५. दुसरा बोनस ॲक्शनमध्ये म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, ६० फुटांवरून, नुसत्या आवाजाने होतो, त्यामुळे दोन एचपींसाठी पहिला वापरावा असा प्रसंग लढाईत क्वचितच येतो.

आता नवखे खेळाडू हमखास सोडून देतात तो भाग. प्रत्येक स्पेलखाली व्ही, एस, एम अशी घटकांची अक्षरं असतात: आवाज, हातवारे, साहित्य. धोंडोच्या एका हातात वॉरहॅमर, दुसऱ्यात ढाल. ढालीवर देवाचं चिन्ह कोरलेलं असेल तर ती साहित्याची जागा घेते, आणि साहित्य धरलेल्या हातानेच हातवारे करायला नियम परवानगी देतो. ब्लेस आणि शील्ड ऑफ फेथ या दोन्हींना तीनही घटक लागतात, त्यामुळे ते ढालीच्या हाताने होतात. क्युअर वूंड्स, गाइडिंग बोल्ट आणि सेक्रेड फ्लेम यांना आवाज व हातवारे लागतात, साहित्य लागत नाही. मग ढालीवरच्या चिन्हाचा उपयोग नाही आणि मोकळा हात हवा. पाळीत एक वस्तू काढणं किंवा ठेवणं फुकट असतं. तेव्हा वॉरहॅमर कमरेला लावा, स्पेल टाका. पण त्या पाळीत तो परत उपसता येणार नाही, आणि शत्रू शेजारून निसटला तर मारायला हातात हत्यार नसेल.

काही टेबलं हा नियम सोडून देतात. सोडायला हरकत नाही, पण पहिल्या सेशनलाच सोडा आणि सगळ्यांसाठी सोडा. ऐन लढाईत एकाला सूट देऊ नका.

नियम वाचण्याची रीत

या खेळाचा पायाच एका तत्त्वावर आहे: विशिष्ट नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो. चिलखताचा सर्वसाधारण नियम चाल घटवतो, ड्वार्फाचा विशिष्ट नियम ती वाचवतो. त्याची दुसरी बाजू अशी, की विशिष्ट नियम जेवढं म्हणतो तेवढीच मात करतो. चाल वाचली म्हणून स्टेल्थही वाचली असं होत नाही.

स्पेलचा मजकूर लिहिलंय तेवढंच करतो. लाइट हा वस्तूला स्पर्श करून टाकायचा स्पेल आहे. शत्रूच्या शिरस्त्राणावर टाकला तर त्याला डेक्स्टेरिटी सेव्ह (बचावाचा फासा) मिळते, आणि चुकली तर शिरस्त्राण २० फुटांपर्यंत लख्ख उजळतं. डोळे दिपून आंधळा झाला, असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून तो आंधळा होत नाही. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटरने शत्रूच्या फुप्फुसात पाणी भरायची कल्पना दर गटात कोणाला तरी सुचते. मजकूर म्हणतो उघडं भांडं. पहिल्या पातळीचा स्पेल एका झटक्यात जीव घेऊ लागला, तर बाकी सगळे स्पेल निरर्थक होतात. नियम असा नेमका का लिहिलाय, हे इथे कळतं.

टर्न म्हणजे एकाची पाळी, राउंड म्हणजे सगळ्यांच्या पाळ्यांची एक फेरी. हा फरक ‘रोग’ (Rogue) या चोरट्या क्लासच्या खेळाडूने तर पाठच करावा. स्नीक अटॅक म्हणजे त्याची वारावरची जादा इजा एका टर्नमध्ये एकदा मिळते, राउंडमध्ये एकदा नव्हे. म्हणून आपल्या पाळीत एकदा, आणि दुसऱ्याच्या पाळीत कोणी निसटताना रिॲक्शनने मारला तर पुन्हा एकदा. ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) नसताना स्नीक अटॅक मिळायला लक्ष्याचा दुसरा शत्रू त्याच्या ५ फुटांत हवा आणि तो शुद्धीवर हवा. धोंडो शेजारी उभा असेल तर चालतं, बेशुद्ध पडलेला असेल तर नाही. रोगला स्वतःला डिसॲडव्हांटेज असेल तर हा दरवाजा बंद.

ॲडव्हांटेज साठत नाही. तीन कारणांनी ॲडव्हांटेज आणि एकाच कारणाने डिसॲडव्हांटेज असेल, तरी दोन्ही रद्द होऊन एकच फासा पडतो. हे न पटणारे खेळाडू बरेच भेटतात, पण मजकूर याबाबत स्वच्छ आहे.

बोनस ॲक्शनने स्पेल टाकलात तर त्याच पाळीत दुसरा फक्त एका ॲक्शनचा कॅन्ट्रिप चालतो. हीलिंग वर्ड आणि सेक्रेड फ्लेम चालेल, हीलिंग वर्ड आणि गाइडिंग बोल्ट चालणार नाही. स्लॉट शिल्लक आहेत की नाहीत याच्याशी या नियमाचा संबंध नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या कॉन्सन्ट्रेशनमध्ये, म्हणजे चालू स्पेलवर लक्ष टिकवण्यात. असा स्पेल एका वेळी एकच चालतो. ब्लेस चालू असताना शील्ड ऑफ फेथ टाकला की ब्लेस त्याच क्षणी संपतो. गायडन्सलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, तो टाकला तरी ब्लेस जातो. इजा झाली की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा इजेच्या निम्मा, यांतला मोठा. ७ इजेला १०, २२ इजेला ११. धोंडोची सेव्ह +३, कारण क्लेरिकला कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी नाही. डीसी १० ला त्याला ७ किंवा जास्त पडायला हवेत, ७० टक्के. इजेच्या प्रत्येक स्रोताला वेगळी सेव्ह असते, म्हणून दोन गॉब्लिनांचे दोन वार लागले तर ब्लेस टिकण्याची शक्यता ४९ टक्क्यांवर येते. यावर एक साधा उपाय ब्लेसच्याच मजकुरात आहे. तो तिघांच्या हल्ल्यांत आणि सेव्हमध्ये डी४ मिळवतो, आणि कॉन्सन्ट्रेशनची ही सेव्हसुद्धा सेव्हच आहे. तिघांत धोंडोने स्वतःला धरलं तर ७० चे ८२.५ टक्के होतात. उदार मनाने स्वतःला वगळणारा क्लेरिक तिघांचंही नुकसान करतो.

शून्य एचपीवर पडलेल्या सोबत्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. बेशुद्ध माणसावर ५ फुटांतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल म्हणजे वर्मी लागलेला धरला जातो, आणि शून्यावर असताना क्रिटिकल म्हणजे डेथ सेव्हची (जगतो की मरतो ठरवणाऱ्या फाशांची) दोन अपयशं. तीन झाली की मृत्यू. शेजारी शत्रू उभा असेल तर ‘पुढच्या पाळीत उठवतो’ हे फार धोक्याचं आहे.

मजकुरात उत्तर नसेल तेव्हा

डीएमने आधी पान उघडून संबंधित परिच्छेद मोठ्याने वाचावा, पूर्ण. अर्धा वाद इथेच संपतो, कारण दोन्ही बाजू आठवणीवर भांडत असतात. तरी उत्तर निघालं नाही तर दोन मिनिटांची मर्यादा लावा आणि डीएमने निर्णय द्यावा. अडलेली कृती करता येण्यासारखी असेल तर योग्य क्षमतेचा चेक: सोप्याला डीसी १०, मध्यमला १५, अवघडला २०. निर्णय देताना स्वतःला एकच विचारा: हीच युक्ती उद्या गॉब्लिनांनी खेळाडूंवर वापरली तर मी हेच म्हणेन का?

निर्णय वहीत तारखेसह लिहा. घरी जाताना सेज ॲडव्हाइस कंपेंडियम हा अधिकृत खुलाशांचा संग्रह पाहा. त्यात वेगळं उत्तर निघालं तर पुढच्या सेशनपासून बदला, झालेली लढाई मागे फिरवू नका. डिझायनरांच्या सोशल मीडियावरच्या जुन्या पोस्ट वाचायला चांगल्या आहेत, पण त्या नियम म्हणून बंधनकारक नाहीत.

अंतरावरून होणारे वाद नकाशाने मिटतात. स्टेशनरीत मिळणारी २२ बाय २८ इंचांची कार्डशीट घ्या, एक इंचाचे चौकोन आखा. एक चौकोन ५ फूट, म्हणजे ११० बाय १४० फुटांचं रणांगण मिळतं. हीलिंग वर्डचे ६० फूट म्हणजे १२ चौकोन, धोंडोची चाल ५. कॅरमची सोंगटी ३ सेंटिमीटरहून थोडी मोठी असते, त्यामुळे इंचाच्या चौकोनाबाहेर येते आणि कोण कुठे उभा यावरून पुन्हा वाद होतो. ल्युडोच्या सोंगट्या नीट बसतात. नकाशासाठी कल्पना लागत असेल तर बेलापूर किंवा घोडबंदरचा किल्ला डोळ्यांसमोर आणा: एका अंगाला खाडी, चढाची वाट, पडका बुरूज. आडोशाचे नियम तिथे आपोआप वापरात येतात. अर्ध्या आडोशाला एसी आणि डेक्स्टेरिटी सेव्हमध्ये +२, पाऊण आडोशाला +५.

लेव्हल वाढली की

सेशनच्या शेवटी घाईत लेव्हल वाढवू नका, घरी पुस्तक समोर ठेवून करा. दुसऱ्या लेव्हलला धोंडोचे एचपी डी८ च्या सरासरीचे ५, कॉन्स्टिट्यूशनचे ३ आणि ड्वार्फचा १ असे ९ ने वाढून २१ होतात. स्लॉट तीन, तयार स्पेल पाच. चॅनल डिव्हिनिटी मिळते, तिच्यातून लाइफ डोमेनचा क्लेरिक लेव्हलच्या पाचपट म्हणजे १० एचपी ३० फुटांतल्या सोबत्यांत वाटू शकतो, मात्र कोणालाही त्याच्या एकूण एचपीच्या निम्म्यापलीकडे नेता येत नाही. चौथ्या लेव्हलला विस्डम २ ने वाढवून १८ केलं तर एका बदलाने शीटवरच्या बऱ्याच जागा बदलतात: डीसी १४, स्पेल अटॅक +६, तयार स्पेल आठ, बरं करताना एक एचपी जास्त, विस्डमची सेव्ह +६, इनसाइट आणि मेडिसिन +६, पॅसिव्ह पर्सेप्शन १४. पेन्सिलने लिहिलेल्या बेरजा इथे उपयोगी पडतात. जिथे जिथे ‘विस्डम ३’ लिहिलं असेल तिथे ४ करा आणि बेरीज पुन्हा मांडा.